म्हसोबाच्या फेरीनंतर चुकलेली वाट

आसामातल्या सर्वे पार्टीत मी जमीन मोजायची साखळी ओढतो. तीन वर्षांनी महिन्याची रजा मिळाली, तेव्हा आमचं आसेगाव गाठायचं ठरवलं. चार गाड्या बदलून वाशीमला उतरलो. तुम्हाला तिकडं जायचं असेल तर मोटार भरायची वाट पाहू नका, सरळ बैलांची दमणी करा. हाडं खिळखिळी होतात, पण वाटेत बैल सोडले की झाडाखाली भाकर न् ठेचा निवांत खाता येतो.

घरी बाबांनी पाणी विचारायच्या आधीच विचारलं, "आता वखर धरशीन, का पुन्हा पळशीन?"

"मले नकाशा वाचता येते. मी परत जाणार."

शेजारी मास्तर बसले होते, मला तिसरीत दोनदा नापास करणारे. ते हसले. "अबे, तुले बाराखडी येत नव्हती!"

तिथंच पैज लागली. पटवाऱ्याकडचा गावनकाशा मी पातळ कागदावर उतरवला. मास्तरांनी त्यावर चार ठिपके दिले न् त्या चार जागी लाल चिंध्या बांधून आले. बाबा म्हणाले, "बैलं पाण्यावरून यायच्या आत चारी आन. नाही तर नोकरी बंद." मी काही बोललो नाही. धोतर खोचलं, कागद न् कंपास घेतला.

विहीर झाली, बांधावरची बोर झाली. तिसरी चिंधी म्हसोबापाशी. जोडे काढले, फेरी मारली, पाया पडलो, जोडे चढवून पळालो. चौथी उभ्या तुरीच्या मधोमध, पायवाट नाही. डोक्याएवढी तूर फाडत निघालो, तर समोर आमचाच उकिरडा! लहानपणापासून म्हसोबाची फेरी झाली की घराकडं वळायचं. पायांनी तेच केलं, कंपास मुठीतच राहिला.

ओट्यावरून मास्तर ओरडले, "आला का बे हारून?"

"एक बाकी हाय!"

उलटा फिरलो. म्हसोबापाशी सुई स्थिर होऊ दिली, दिशा धरली न् पावलं मोजत तुरीत शिरलो. चिंधी सापडली.

परतलो तेव्हा बैलं दावणीला बांधलेली. बाबा म्हणाले, "शब्द म्हंजे शब्द."

"शब्द तुमचा होता, बाबा. मी कुठं हो म्हटलं? चारी आनल्या, पाहा."

मास्तरांनी चिंध्या हातात घेतल्या. हसले नाहीत.

रजा संपली तशी दमणी बाबांनीच जुंपली. वाशीमच्या स्टेशनात म्हणाले, "ते सुईचं दाखव." डबी इकडं फिरवली, तिकडं फिरवली.

"कितीबी फिरवा, ऐकत नाही," ते म्हणाले. "तुयासारखीच हाय."

इथं आसामात वाटेत देव लागला तर अजूनही जोडे काढून फेरी मारतो. पण पुढं पाऊल टाकायच्या आधी सुई पाहतो. पायांचा भरवसा नाही. त्यांना अजून आसेगावच ठाऊक आहे.