एकाच पानावर दोनदा

कालव्यावरच्या पुलाशी मावशी थांबली, कठड्याला हात टेकला आणि खाली पाण्यात थुंकली. एकाहत्तर वर्षांच्या या बाईला रस्त्यात साधं मोठ्यानं शिंकतानाही मी कधी पाहिलं नव्हतं.

“रविवारपासून तोंडाला चव नाही,” पदरानं ओठ पुसत ती म्हणाली. “त्यांच्या केकचा कणही मी खाल्ला नाही, तरीसुद्धा.”

चर्चपासून निघून आम्हाला पाऊण तास झाला होता. तेवढंच अजून चालायचं होतं. बस होती, पण मावशी म्हणाली, चालतच जाऊ, पोचेपर्यंत काय बोलायचं ते तरी ठरेल. जायचं होतं कालव्यापलीकडच्या एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात. तिथे इस्त्रीवर काम करणाऱ्या एका बाईची मावशीला माफी मागायची होती.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. मी लहान होते तेव्हा ती समोरच्या दारात राहायची, तेव्हापासून मावशी. सगळं गाव तिला नोंदमावशी म्हणतं, कारण सव्वीस वर्षं ती नगरपालिकेच्या जन्ममृत्यूच्या खिडकीत बसली. समोर बाप येऊन उभा राहायचा, मावशी विचारायची, “नाव?” आणि तो जे सांगेल ते लिहायची. कोणी मुलाचं नाव कॅप्टन ठेवलं, कोणी वकील. एकानं डॉक्टर ठेवलं. “तो डॉक्टर पुढे तिसरीत दोनदा बसला,” ती सांगायची. “पण माझ्या वहीत डॉक्टर तो डॉक्टरच. आईबापाची हाक लिहायची. ती बरी की वाईट, हे बघायला सरकारनं मला बसवलं नव्हतं.”

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही तिच्याकडे आली. त्या वहीत तिनं बावीस वर्षं लिहिलं. तिची एक पद्धत होती. शनिवारी संध्याकाळीच ती उद्याच्या बाळांची नावं शाईनं लिहून ठेवायची, म्हणजे रविवारी उपासनेनंतर गर्दीत नुसत्या सह्या उरायच्या. काही बदललं तर पट्टी ठेवून एकच सरळ रेघ मारायची. खोडरबर नाही, पांढरा रंग नाही. काटलेलंही वाचता आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

या पद्धतीनंच सगळं उघडं पडलं.

पाच महिन्यांपूर्वी या इस्त्रीवाल्या बाईनं आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी नाव दिलं, मसीहा. मावशीनं शनिवारी ते लिहिलं. संध्याकाळी पाळकसाहेब वही चाळायला आले आणि त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे नाव नाही. हा किताब आहे, आणि तो एकाचाच आहे. काटा.”

मावशीला ते पटलं. इथेच तिची दुखरी जागा आहे. तिला ते मनापासून पटलं, इतकं, की साहेबांना कुठे काय लिहिलंय हे धड आठवेना तेव्हा तिनंच शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून त्यांना एकेक जागा काढून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच त्या बाईला बाजूला घेऊन समजावलं, दुसरं नाव सुचव, आत्ता लिहिते. बाई नाही म्हणाली. मग साहेब वेदीवरून दहा मिनिटं त्याच विषयावर बोलले, मावशीनं काढून दिलेल्या जागा एकामागून एक वाचत. तिसऱ्या बाकावर ती बाई बसलेली, मांडीवर पांढऱ्या झबल्यातलं बाळ. मधेच ती उठली आणि बाळाला घेऊन बाहेर गेली. बाप्तिस्मा झाला नाही. उपासनेनंतर मावशीनं पट्टी ठेवली आणि रेघ मारली.

आणि या रविवारी, त्याच पानावर, पाच ओळी खाली, पुन्हा मसीहा. या वेळी बाळ बड्या बांधकामवाल्यांचा नातू होता. चर्चचं नवं छप्पर त्यांनी घालून दिलंय.

“मी शनिवारी त्यांनी पाठवलेली नावाची चिठ्ठी वाचली आणि साहेबांच्या घरी गेले,” पूल उतरताना मावशी सांगत होती. “म्हटलं, साहेब, हे तेच नाव. तर हसले. म्हणाले, मावशी, जरा मोठं मन ठेवा, पौल नाही का आपल्या पत्रांत तो शब्द नावासारखाच वापरत? अगं, म्हणजे त्यांना तेही माहीत होतं. दोन्ही बाजू माहीत होत्या. त्या दिवशी एक खिसा उघडला, या दिवशी दुसरा.”

मी विचारलं, “पण मावशी, तुझं खरं मत काय? ते नाव आहे की नाही?”

फुटपाथवर एका दुकानाचे खोके पडले होते, ते ओलांडून आम्ही पुढे झालो.

“हे बघ,” ती म्हणाली. “देवदूतानं योसेफाला सांगितलं, मुलाचं नाव येशू ठेव. ते नाव. नासरेथात आईनं दारातून ‘अभिषिक्ता, जेवायला ये’ अशी हाक मारली नसणार. ख्रिस्त म्हण, मसीहा म्हण, अर्थ एकच, ज्याच्यावर तेल ओतलंय तो. शौल राजावर ओतलं होतं, तोही अभिषिक्त. कोरेश राजा तर परका, आपला देव त्याला ठाऊकही नव्हता, त्यालाही संदेष्ट्यानं हाच शब्द लावला. आणि येशूला त्याच्या शिष्यानं, पेत्रानं, हा शब्द लावला तेव्हा तो म्हणाला, कुणाला सांगू नका. नाव असतं तर लपवलं असतं का कुणी?”

“म्हणजे नाव नाही.”

“थांब की. पौलाची पत्रं काढ. तो तोच शब्द जागोजागी असा लिहितो, जसं मी वहीत कुणाचं नाव लिहावं. वीस-पंचवीस वर्षांत किताब नावात मुरून गेला. माझं म्हणशील तर किताब होता, त्याचं नाव झालं. शहाणी माणसं दोन्ही बाजूंनी भांडतील, आणि भांडू देत. पण गरिबाच्या पोरासाठी किताब आणि छप्परवाल्याच्या पोरासाठी नाव, असं मला कुठे सापडलं नाही. तीन दिवस शोधतेय.”

रविवारचं मीही पाहिलं होतं. उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये मोठा केक आला, त्यावर गुलाबी क्रीमनं ते नाव लिहिलेलं. सुरी त्या नावातूनच फिरली. साहेबांच्या बशीत ‘म’ आला. त्यांनी तो खाल्ला, अंगठा चाटला, आणि तसेच सहीला आले. वहीचं पान उलटायला पुन्हा अंगठा जिभेला लावला. पानाच्या कोपऱ्यावर गुलाबी तेलकट ठसा उमटला. मला तेव्हाच किळस आली. देवाच्या घरात असं वाटावं याची लाजही वाटली, पण वाटलं ते वाटलं.

मग साहेबांना पानावर दोन्ही ओळी दिसल्या. वरची काटलेली, खालची शाबूत. ते मावशीला म्हणाले, “पान खराब झालंय, नवीन कागदावर उतरवून काढा. ती वरची ओळ घ्यायची गरज नाही. बाप्तिस्मा झालाच नाही, मग नोंद कसली?”

मावशी नाही म्हणाली. सोमवारी सकाळी साहेबांनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. माझं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणाले, शनिवारपर्यंत पान उतरवा, बाइंडर जुनं काढून नवं बसवेल. मी बरं म्हणून आले. घरी पिशवी उघडली तर त्या कोपऱ्याला मुंग्या लागल्या होत्या.

मी मावशीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, बुधवारी माझ्याबरोबर चल.

धुलाईघर हॉटेलच्या मागच्या बाजूला तळघरात होतं. दार ढकललं की वाफ अंगावर यायची. भिंतीशी मोठाली यंत्रं, मधे चादरींचे ढीग, आणि एका टोकाला दोन गरम रुळांमधून चादर ओढणारं इस्त्रीचं यंत्र. ती बाई तिथे उभी होती. शेजारी चाकांच्या कापडी गाड्यात, धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांवर बाळ बसलं होतं, एक अभ्रा चोखत.

“या,” ती म्हणाली. “हात मोकळे नाहीत. तशाच बोला.”

“मी माफी मागायला आलेय,” मावशी म्हणाली.

“कशाची? आमचं काटल्याची, की त्यांचं लिहिल्याची?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नव्हतं.

“चर्चच्या हॉलमध्ये टेबलांवर घालायला कापडं इथूनच गेली होती,” बाई चादरीचं टोक रुळात सारत म्हणाली. “इथेच परत आली. तो गुलाबी डाग गरम पाण्यात जात नाही, आधी गार पाण्यात भिजवावा लागतो. मीच भिजवली. आत गुंडाळलेले कागदी रुमाल निघाले, त्यांवर नाव छापलेलं. आधी वाटलं, माझ्या पोराचे कुणी लाड केले.”

ती स्वतःच हसली. आम्हाला हसता आलं नाही.

“काटलं तेव्हा मला ते खरंच पटलं होतं गं,” मावशी म्हणाली.

“ठाऊक आहे. म्हणून तर लागलं. साहेबांचं बोलणं मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं. तुम्ही सांगितलंत म्हणून मी घरी जाऊन विचार केला, की आपण काही घाण तर नाही केली देवाच्या नावावर.” तिनं दुसरी चादर उचलली. “मी काही मोठं म्हणून नाही ठेवलं ते. याच्या बापानं घर सोडलं तेव्हा मी जीव द्यायला निघाले होते. पोटात हा होता म्हणून राहिले. मला वाचवलं यानं. वाचवणाऱ्याला दुसरं काय म्हणतात, ते सांगा, मी तेच ठेवते.”

मावशीकडे शास्त्रातली प्रत्येक जागा होती. तिनं एकही काढली नाही.

“रविवारी ये,” ती शेवटी म्हणाली. “हेच नाव. साहेबांना आता नाही म्हणायला तोंड नाही.”

“तुम्ही लिहाल?”

“वही माझ्याकडे राहिली नाही.”

“मग येऊन काय करू? त्यांच्या अंगठ्याखाली पोराचं डोकं देऊ? नाही मावशी. मला शिसारी येते आता त्या पाण्याची. देवाची नाही येत, पाण्याची येते.” ती बाळाकडे वळली, त्याच्या तोंडातून अभ्रा काढला, तो बाजूच्या मळक्या ढिगात टाकला आणि त्याला दुसरा दिला. “ती रेघ आहे ना तशीच?”

“कुठली?”

“आमच्यावर मारलेली.”

मावशी खोटं बोलत नाही. तिनं पान बदलायचं सगळं सांगितलं. मुळात काही झालंच नाही, म्हणून ओळही नको, असं साहेब म्हणतात, हेही सांगितलं.

बाईनं हात लांब करून यंत्राचं बटण दाबलं. रूळ फिरायचे थांबले. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच तिथे ऐकू येईल असं शांत झालं.

“झालंच नाही?” ती म्हणाली. “तिसऱ्या बाकावर बसले होते मी. ते झबलं दोन दिवस शिवत होते. सगळ्या माना वळल्या होत्या माझ्याकडे. काटलं ते काटलं, मावशी, त्याचं काही नाही. काटलेलं नाव असलं म्हणजे निदान आम्ही आलो होतो, आणि दार कुणी लावलं, हे तरी राहतं. आता आम्ही आलोच नव्हतो का?”

बाईनं उत्तराची वाट पाहिली नाही. तिनं पुन्हा बटण दाबलं आणि चादर हातात घेतली. “जा आता,” ती म्हणाली, रागानं नव्हे. “मुकादम येईल.”

वर आलो तर माल उतरवायच्या फाटकाशी एक भाजीचा रिकामा क्रेट पालथा पडला होता. मावशी त्यावर बसली. तिचा चेहरा असा झाला होता, जसं कुणी तिच्याच हातानं तिला काही घाणेरडं भरवलं असावं. एक ट्रक मागे मागे येत फाटकाशी थांबला.

“बावीस वर्षं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मी देवाची वही लिहितेय. मी त्या माणसाचं हत्यार झाले. त्याला शास्त्र काढून देणारी मी. त्याची मला जेवढी किळस येते ना, त्याहून माझी जास्त येते.”

“असं नको म्हणू.”

“का नको? खरं ते खरं.” तिनं चपलेतला खडा काढला. “वही तुझ्या घरीच आहे?”

“कपाटात.”

“पान उतरवलंस?”

“नाही. शनिवारपर्यंत द्यायचंय.”

“तू साहेबांशी भांड, असं मी नाही म्हणणार. तुझी लेक त्यांच्याच शाळेत आहे, तिला सोडायला तुला तिथे रोज जायचंय. पान उतरव. पण सगळं उतरव. ती ओळ आधी नीट लिही, बाळाचं नाव, आईचं नाव, तारीख, जशी मी लिहिली होती तशी. मग पट्टी ठेवून काट. आणि शेजारी जागा असेल तिथे माझं नाव घालून लिही, की ही ओळ मी काटली आणि काटायला नको होती. एवढं माझ्यासाठी कर.”