टिंब लावलेला पाळणा

बारशाच्या दिवशी मी दादावर जितकी ओरडले, तितकी आजवर कोणावर ओरडले नसेन. बाळंतपणाला अमरावतीहून अकोल्याला माहेरी आले होते. त्याच्या थोडंसं आधी आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं खोलीचं दार लावून दादाच्या कॉम्प्युटरवर माझ्या होणाऱ्या बाळासाठी पाळणा म्हणून रेकॉर्ड करून ठेवला.

आणि आता घुगऱ्या शिजल्या, बाया जमल्या, तर फाइल सापडेना! दादानं मोठ्या हौसेनं कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं. त्यानं नाव देऊन शोधलं, एकेक फोल्डर उघडून पाहिला. काही नाही.

"तुह्या त्या लिनक्सनं आईचा आवाज खाल्ला!"

"कायले वरडून राहिली? मी काईच पुसलं नाई."

आई मान हलवून सांगत होती, आहे, तिथंच आहे. मी तिच्यावरही भडकले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मोबाइलवरचा लावा ना एखांदा, त्यात काय?" त्यांना तर मी घराबाहेरच काढणार होते. माझ्या लेकराच्या कानावर पहिला पाळणा परक्या बाईचा?

शेवटी दादानं लपलेल्या फाइली दाखवणारी बटणं दाबली. पडद्यावर कुठली कुठली इंग्रजी नावं आली, प्रत्येकाच्या आधी एक टिंब. नावाआधी टिंब दिलं की लिनक्समध्ये फाइल लपते, हे शहाणपण त्यानं तेव्हा सांगितलं. त्या गर्दीत एकच नाव मराठीत होतं. टिंब, आणि पुढे पाळणा.

"आई, हे टिंब कावून लावलं वं?" दादानं विचारलं.

बाळाच्या गालावर काजळाची तीट होती. आईनं आधी तिच्यावर बोट ठेवलं, मग पडद्यावरच्या टिंबावर. नव्या कोऱ्या साडीच्या पदरालाही काजळ लावणारी बाई ती. पाळण्यालाही नजर लागू नये म्हणून तिनं तीट लावली होती.

दादा हसला, बायाही हसल्या. मला नाही आलं हसू. खोलीत आईचा आवाज सुरू झाला, जरा घोगरा, पण तिचाच. पाळण्याची दोरी ओढत ती नुसते ओठ हलवत होती. माझा संताप मात्र उतरेना, आणि आता ओरडायला समोर कोणी उरलं नव्हतं. गाण्याला तीट लावायचं जिला सुचलं, तिच्या गळ्याला कोणी लावली नाही.