दाढी कोणी लावली?

इतिहास विचारायला गेलं की माणसं किस्सेच हातात ठेवतात. एका घरी चहा पिऊन खरं समजावं, तर पुढच्या घरी त्या चहासकट सगळं खोटं ठरतं! किन्हवलीपलीकडच्या आमच्या छोट्या चर्चबाबत माझं हेच झालं. नव्या फादरना दाराशी दगडी पाटी बसवायची होती: चर्च कोणत्या संताचं, आणि त्याची मूर्ती इथे कोणी आणली. म्हणाले, "दोनच ओळी. तुम्ही पत्रकार ना?" दोन ओळी! उभी हयात बातमीदारी केली, पण एवढा छळ कुठल्या मंत्र्यानं केला नाही.

*

बाहेरच्या बोर्डवर संत जोसेफ. पाड्यावर विचारा, तर "अंतोनबाबा", म्हणजे संत अंतोन!

मी फादरना म्हटलं, "मूर्ती बघून सांगा की!"

"दोघांच्याही कडेवर बाळ येशू असतो. दोघांच्याही हातात लिलीचं फूल."

"मग फरक काय?"

"जोसेफला दाढी. अंतोनला दाढी नाही, आणि डोकं मधोमध भादरलेलं."

आमच्या मूर्तीला चांगली छातीपर्यंत दाढी. मला वाटलं, संपला विषय!

*

फिलोमिनामावशी ऐंशीच्या घरातली. तिनं मला दारातच धरलं. "अंतोनच हाय तो. माझ्या बापानं वसईवरनं आनला. वाशिंद टेसनापासून डोक्यावर घेऊन चालत आला. पाटीवर बापाचं नाव पायजे. डोळं मिटायच्या आधी वाचायचंय मला."

चर्चची घंटा वाजवणारा पास्कू तिथेच बसला होता. "गो मावशी, तो जोसेफ! तानशाच्या धरणावरच्या सायबानं दिला, माझा आजा सांगायचा. तुझ्या बापाचा अंतोन, तर दाढी कुठून आली? रस्त्यात वाढली?"

मावशीनं त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली. अर्धा चहा होता तिच्यात!

*

शांताराम किन्हवलीत गणपती घडवतो. गणपती झाले की उरलेल्या रंगात दर वर्षी आमचा संतही रंगवून देतो. त्याला गाठलं. "दाढी तुझी का रे?"

"नाय ओ. बापाच्या टायमाची. मी फक्त काळी करतो."

"बापानं लावली, की आधीच होती?"

"त्ये कोनाला इचारू? बाप गेला. तेव्हाचे फादर गेले. आता संतालाच इचारा!"

*

बरं, सणावरून तरी कळावं? जोसेफचा सण मार्चमध्ये, अंतोनचा जूनमध्ये. पण जूनमध्ये पेरणी टाकून चर्चला येणार कोण? म्हणून आमच्याकडे अंतोनचाही मार्चमध्येच! प्रवचनात फादर सावधपणे "आपले संत" एवढंच म्हणतात.

भात कापलं की पहिली लोंबी या मूर्तीला बांधतात. ख्रिस्ती बांधतात, हिंदूही बांधतात. शेजारच्या बाळूकाकांना मी चिडून विचारलं, "काका, कोणाला बांधता ते तरी माहीत आहे का?"

"पाऊस पाडताना त्यानं आमचं नाव इचारलं व्हतं का?"

मी पेन खिशात टाकलं.

*

शेवटी फादर वैतागले. एका रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर म्हणाले, "खरवडा!"

शांताराम पाती घेऊन बसला. सगळा पाडा भोवती. पहिल्याच फटक्याला दाढी गळून पडली. शाडूची होती! खाली गुळगुळीत हनुवटी. मावशीनं पास्कूकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

"आता डोकं!" फादर म्हणाले.

केसही शाडूचेच निघाले. खाली भादरलेलं डोकं नव्हतं. डोक्यावरून घेतलेला पदर होता. शांतारामचा हात थांबेना. लिलीचं फूल अलगद हातात आलं. तेही शाडूचं! तपकिरी झग्याखाली निळा रंग, त्यावर सोनेरी चांदण्या.

"ही तर मरियामाता!" फादरांनी क्रूसाची खूण केली.

फादर हळूच म्हणाले, "मावशी, तुमचे वडील तर अंतोन आणला म्हणायचे ना?"

मावशी जागची हलली नाही.

"बापाला गोधडीत गुंडाळून दिल्याला, त्यानं तसाच आनला. सोडून बघायची त्याची छाती नव्हती. आत कोन व्हतं ते तुमी शिकल्यालं लोक ठरवा. कोनाच्या डोक्यावर आलं, तेवढं लिवा!"