प्रतिवादीतर्फे टिपणीस सर

“प्रतिवादीकडून उलटतपासणी कोण घेणार?” जजसाहेबांनी विचारलं आणि टिपणीस सर उभे राहिले.

“मी घेतो, साहेब.”

मी मागच्या बाकावर माझ्या मॅटरची वाट बघत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडचे आम्ही बहुतेक एकांडे वकील. एक गाळा, एक टेबल, ज्युनिअर ठेवणं परवडत नाही. एकाच वेळी दोन कोर्टांत पुकारा झाला की एकीकडे दुसरा कोणीतरी उठतो, ‘वकीलसाहेब बाजूच्या कोर्टात आहेत’ म्हणतो आणि तारीख घेतो. याला आम्ही ‘उभं राहणं’ म्हणतो. अशा छोट्या ऑफिसवाल्या वकिलांची आमची एक असोसिएशन आहे. मी तिची सेक्रेटरी. सहल काढायची, सत्कार करायचे, कोर्टातल्या बंद पंख्यांसाठी अर्ज द्यायचे, एवढंच तोवर माझं काम होतं.

जजसाहेब नुकतेच बदलून आले होते. आमच्याकडे कोणीही कोणासाठी उभं राहतं, हे मात्र त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यांनी मान हलवली.

पिंजऱ्यात चाळिशीची एक बाई होती, दाव्यातली वादी. तिची मुख्य साक्ष लेखी दाखल होती, त्यामुळे तिच्यातर्फे अजून कोणी उठलंच नव्हतं. सरांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

“नवरा वारल्यावर तुम्ही माहेरी राहायला गेलात. बरोबर?”

“हो.”

“खोलीची किल्ली दिराकडे दिलीत?”

“हो.”

“म्हणजे दावा लावला तेव्हा खोली तुमच्या ताब्यात नव्हती?”

“हो, सायेब.”

काय सुंदर उलटतपासणी होती! आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. छोटे प्रश्न, पळायला वाट नाही. निम्म्या कोर्टाला सरांनी हे शिकवलं आहे, मलाही. मी मनात वाहवा करत होते, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो. बाई प्रत्येक उत्तरानंतर सरांकडे बघून किंचित हसत होती, शाळेत बरोबर उत्तर दिल्यासारखी. मला वाटलं, बिचारी घाबरलीय.

तेवढ्यात दारात हरेशभाई आला. प्रतिवादीचा खरा वकील तो. आत येता येता त्याने दोन प्रश्न ऐकले आणि तिथेच थबकला. त्याचा चेहरा आणि बाईचं ते हसू एकत्र बघितलं तेव्हा मला समजलं. सर प्रतिवादीसाठी उभे नव्हते राहिले. सर त्या बाईचेच वकील होते.

मी उठले, पण सर तोवर म्हणाले होते, “बस, साहेब. नो मोअर क्वेश्चन्स.” टायपिस्टने कागद काढला. बाईने सही केली.

बाहेर पॅसेजमध्ये तिला गाठलं. सुमनबाई नाव. अंबरनाथच्या बुवापाड्यात एक खोली, एमआयडीसीत पॅकिंगचं काम, पदरी दोन मुली. दिराला ती खोली विकायची होती. त्याने हात लावू नये म्हणून तिने मनाईचा दावा लावला होता. अशा दाव्यात सगळं एका गोष्टीवर असतं, ताबा कोणाचा. आणि ताबा नव्हता, हे तिने नुकतंच शपथेवर सांगितलं होतं.

“अहो, पण तुम्ही राहता कुठे?”

“खोलीतच की. कुठं जाऊ?”

“मग हो का म्हणालात?”

“सायेब सकाळी म्हनले, मी इचारीन त्याला हो म्हनायचं.” ती माझ्याकडे बघत राहिली. “चुकलं का काय?”

सरांचं तेही बरोबरच होतं. आधी आपला वकील विचारतो, ही सही तुमची का, मजकूर खरा का. त्याला हो म्हणायचं असतं. पुढचे प्रश्न समोरचा वकील विचारतो, तेव्हा जपून बोलायचं असतं. दोन्हीकडे एकच माणूस उभा राहील, हे तिला कोण सांगणार?

मी हरेशभाईला अडवलं.

“तू थांबवायचं होतंस.”

“ताई, मेरे को भी बुरा लगा. सर तो मेरे भी गुरू है. पण माझ्या पार्टीचा फायदा मी कसा सोडू? उद्या तोच माझ्यावर कंप्लेंट टाकेल.”

राग आला, पण खोटं काहीच बोलत नव्हता तो.

संध्याकाळी कमिटी बसली. आमचे अध्यक्ष म्हात्रेसाहेब, आणि चार-पाच जण. तिथे हळूहळू एकेकाच्या तोंडून बाहेर यायला लागलं. सर तारखा विसरतात, म्हणून एक जण वर्षभर त्यांच्यासाठी उभा राहत होता. दुसरा त्यांचे अर्ज लिहून देत होता. तिसरा त्यांना रिक्षेत बसवून रिक्षावाल्याला पत्ता सांगत होता. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच सांभाळून घेतोय. झाकली मूठ सवा लाखाची, असं म्हणतात. इथे त्या मुठीत एका बाईचं घर होतं.

मी म्हटलं, “उपाय एकच. दुसरा वकील द्यायचा आणि सर आजारी आहेत, साक्ष रद्द करून परत घ्या, असा अर्ज करायचा. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटसकट.”

“म्हणजे भर कोर्टात सांगायचं, सरांना वेड लागलंय?” म्हात्रेसाहेब भडकले. “इतकी वर्षं त्यांनी नाव कमावलं. आपणच चव्हाट्यावर आणायचं?”

“मग सुमनबाईला काय सांगू?”

“तारीख घे. बघू पुढे.”

“तारखा घेऊनच इथवर आलोय, साहेब!”

मग मीच म्हटलं, वकीलपत्र मी घेते.

आता आमच्या धंद्याची एक रीत. पक्षकाराला वकील बदलायचा असेल तर आधीच्या वकिलाने ‘हरकत नाही’ अशी सही द्यावी लागते. म्हणून मी सरांच्या घरी गेले, बदलापूरला, बेलवलीत. दार काकूंनी उघडलं. माझ्या हातातले कागद बघून त्यांनी ओळखलं.

“मला माहीत होतं गं,” त्या स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. “पण घरी दिवसभर मला ‘कोण तुम्ही’ विचारतात. सकाळी काळा कोट चढवला की नावाने हाक मारतात. तेवढ्यासाठी पाठवत होते.”

मला रडू फुटलं. त्यांनीच मला पाणी दिलं आणि कपाटातून डॉक्टरांचा कागद काढून दिला. किती दिवस तिथे होता, ते मी विचारलं नाही.

सर हॉलमध्ये बसले होते. मी अर्ज पुढे ठेवला. धीर होत नव्हता, म्हणून मसुद्यात त्यांचं नाव न घालता ‘वादीचे तत्कालीन वकील’ एवढंच लिहिलं होतं. त्यांनी पेन काढलं, एक फालतू वाक्य खोडलं, बाकीचं सावकाश वाचलं.

“स्वतःच्याच पक्षकाराची उलटतपासणी घेतली?”

“हो, सर.”

“वय काय या माणसाचं?”

“झालंय बरंच.”

“मग त्याला घरी कोणी बसवलं का नाही? कोर्टात बाकीचे वकील नव्हते?” सरांचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता. “तुमची ती असोसिएशन आहे ना? ती काय करते, सहली काढते?”

काकू दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मी दुसरा, ‘हरकत नाही’चा कागद सरकवला. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्या सहीला काय अर्थ, हा प्रश्न वकील म्हणून मलाही पडला. पण फायलीला सही लागते. सरांनी पेन टेकवलं आणि थांबले.

“यात आपण कोणाकडून?”

“बाईकडून, सर.”

“मग ठीक आहे,” म्हणाले आणि त्यांनी वळणदार सही केली.

अर्ज मंजूर झाला. हरेशभाईने लेखी विरोध केला, तोंडी मात्र एक शब्द बोलला नाही. साक्ष परत झाली. या वेळी सुमनबाई साध्या नावाच्या प्रश्नालाही माझ्याकडे बघायची, माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही ते ठरवायची आणि मगच बोलायची. खोली अजून तिच्या ताब्यात आहे. दावा चालू आहे. सरांच्या गाळ्यावरची पाटी उतरली. काळा कोट काकूंनी ठेवून घेतलाय. सकाळी सर तो घरातच घालून बसतात.

आम्ही असोसिएशनचा नियम केला. एखाद्या वकिलासाठी सारखं उभं राहावं लागत असेल, तर सेक्रेटरीला फोन करून कळवायचं. एकमताने पास झाला, टाळ्याही वाजल्या. अजून मला एकही फोन आलेला नाही. रोज कोर्टात कोणी ना कोणी कोणासाठी तरी उभं असतं.