डोळे उघडे ठेवून फॉर्म भरावा

आमच्या ढोलपथकाच्या वेबसाइटवरचा नोंदणीचा फॉर्म केदारनं बनवला होता. केदार खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि स्वतःच्या विनोदावर त्याचा फार जीव आहे. फॉर्म भरताना कुणाचं काही चुकलं, की वरती लाल अक्षरांत पाटी झळकायची : 'डोळे उघडे ठेवून फॉर्म भरावा. तक्रार ऐकली जाणार नाही.' पाटी सगळ्यांना आवडली. पुण्यात अपमानसुद्धा नीट शब्दांत केला, तर लोक कौतुक करतात.

नोंदणीचा शेवटचा दिवस रविवार होता. नदीकाठी सराव ऐन रंगात असताना एक मुलगी पांढरी काठी टेकत सरळ आवाजाच्या रोखानं आली आणि ढोल थांबेपर्यंत शांतपणे उभी राहिली. मग म्हणाली, "फॉर्म कुणी केलाय? सकाळपासून मला डोळे उघडायला सांगतोय. उघडे आहेत. पुढे काय करू?"

केदारचा चेहरा पडला.

तिचं नाव कादंबरी. जन्मापासून दिसत नाही. धायरीत आईचं, कौशल्याताईंचं, साडीला फॉल-पिको करून द्यायचं दुकान आहे. कादंबरी रोज धायरीहून स्वारगेटला येते, बस बदलून खराडीला जाते आणि तिथं लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेते. बसचा नंबर विचारायला तिला लाज वाटत नाही, म्हणाली, "तो तर डोळस लोकही मलाच विचारतात." ढोल मात्र तिला लहानपणापासून वाजवायचा होता.

केदार घाईघाईनं म्हणाला, तू सांग, मी भरतो, दोन मिनिटांचं काम. ती नको म्हणाली. बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म शेजारच्या काकांनी असाच भरून दिला होता. तिनं संगीत सांगितलं, काकांनी अर्थशास्त्र टाकलं; पोरीला नोकरी तरी लागेल, या सद्भावनेनं. तिला कळलं तेव्हा यादी लागून गेली होती. तीन वर्षं तिनं मागणी आणि पुरवठा वाचला.

"त्यानंतर ठरवलं, माझा फॉर्म मीच भरणार. नाही भरता आला, तर ती गोष्ट मला नकोच," ती म्हणाली.

पथकप्रमुख संतोषदादा भला माणूस, पण गेल्या वर्षी वशिल्यावरून भांडणं झाल्यापासून त्यानं नियम केलाय : फॉर्म नाही, तर ढोल नाही. सहाला नोंदणी बंद होणार होती. जागा दोनच उरल्या होत्या.

केदारनं घाटाच्या पायरीवर लॅपटॉप उघडला. कादंबरीनं आपला फोन त्याच्या कानाशी धरला. फोन त्याचाच फॉर्म वाचून दाखवत होता : "एडिट बॉक्स. एडिट बॉक्स. एडिट बॉक्स." कुठल्या चौकटीत काय लिहायचं, याचा पत्ता नाही. नावं होती, पण नुसती शेजारी लिहिलेली. चौकटीशी जोडलेली नव्हती. आणि तिची चूक कोणती, तर मोबाइल नंबर लिहिताना तिनं मधे जागा सोडली होती. ती चौकट लाल झाली होती. लाल तिला कसं ऐकू येणार? मी शाळेत शिकवते. नुसतं 'चूक' लिहून वही परत फेकणारे मास्तर मला ठाऊक आहेत, त्यामुळे मला तो फॉर्म ओळखीचा वाटला.

केदारनं पाटी पुसली. प्रत्येक चौकटीला तिचं तिचं नाव जोडलं. नंबरातली रिकामी जागा फॉर्मनं आपणच गिळावी, अशी सोय केली. आणि चूक झालीच, तर कुठे झाली, काय हवंय, हे सांगून फॉर्मनं माणसाला थेट त्या चौकटीपाशी नेऊन सोडावं, असं केलं. मग त्यानं काय करावं? आपल्या फोनवर तसाच वाचून दाखवणारा आवाज लावला, स्वतःचा भगवा फेटा सोडून डोळ्यांवर बांधला आणि आपलाच फॉर्म खोट्या नावानं भरायला बसला. चाचपडला, चुकला, पुन्हा भरला, पाठवला.

फोन गप्प. केदार तसाच बसून राहिला. आम्हाला पडद्यावर हिरवी खूण दिसत होती. त्याला काहीच कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "गेला का?"

कादंबरी हसली. "हाच प्रश्न. मी जन्मभर हाच विचारत आलेय."

केदारनं फेटा काढला, तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्यानं ती हिरवी खूण बोलती केली : फॉर्म पोचला, की फोन आता तसं सांगणार.

सहा वाजत आले होते. केदारनं आपली खोटी नोंद खोडली, पण मधल्या वेळात दुसऱ्याच कुणी फॉर्म भरला होता; एकच जागा उरली. कादंबरीनं फोन मांडीवर घेतला. पडदा पार काळा. बॅटरी कशाला जाळायची, म्हणून ती तो बंदच ठेवते. आवाज तिनं तिच्या नेहमीच्या वेगावर नेला, आणि आमच्या कानांवर नुसती किरकिर आली, रातकिड्यासारखी. त्या किरकिरीत नाव, वय, रक्तगट, वाद्य, सगळं होतं आणि ती ते सहज वेचत होती. बोटं काळ्या काचेवर न अडखळता फिरत होती. माणसाला असं ऐकता येतं, हे मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. आम्ही सगळे ढोल कमरेला तसेच ठेवून तिच्याभोवती गोळा झालो. कुणाला काही दिसेना, कुणाला काही समजेना.

फॉर्म पाठवायला तिनं काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं. फोन क्षणभर किरकिरला आणि थांबला. ती मान खाली घालून बसली होती. चेहऱ्यावरून काही कळेना.

संतोषदादाला राहवलं नाही. वाकून त्यानं विचारलं, "झालं का गं?"

कादंबरीनं आम्हा सगळ्यांना थोडं ताटकळत ठेवलं. मग फोन खिशात टाकला, काठी माझ्या हातात दिली आणि ढोल घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"झालं," ती म्हणाली.