वेंडेल प्रुइटचे कान

वेंडेल प्रुइट ड्यूक हॅलोरनच्या गिटारी सुरात लावायचा. कोल्ड फाउंड्री हा ड्यूकचा बँड. गायचाही तोच आणि गिटारही त्याचीच. आम्ही सगळे मिशिगनचे, फ्लिंटच्या आसपासचे. छतातल्या तुळयांवरून साखळ्या सोडून दिवे टांगायचे, हे माझं काम. गुडघे जाईपर्यंत केलं. त्यामुळे काम कुणाचं खरं आणि कुणाचं दिखाऊ, एवढं मला कळतं.

वेंडेलचं खरं होतं. दोन गाण्यांमध्ये ड्यूक न बघता हात मागे करायचा आणि त्या हातात तयार गिटार यायची. त्यासाठी वेंडेल स्पीकरच्या भिंतीला खेटून उभा राहायचा. कानात बोळे घालायचा नाही. म्हणायचा, "बोळे घातले तर तार कशी ऐकू?" उमेदीची सगळी वर्षं तो तिथेच उभा राहिला. मग तार ऐकू येईनाशी झाली.

हे त्याने कुणाला कळू दिलं नाही. सूर दाखवणारं छोटं यंत्र असतं, हिरवा दिवा लागला की तार सुरात लागली. तो दिव्यावर काम करायला लागला. ओठ वाचायला शिकला. आमच्या धंद्यात सगळेच ओरडून बोलतात आणि सगळेच "काय?" म्हणतात, त्यामुळे शंका येण्याचं कारण नव्हतं. गिटार देण्याआधी लाकडाला कान लावून तार छेडायची त्याची जुनी सवय होती. तीही त्याने सोडली नाही. आम्हाला वाटायचं, ऐकतोय.

डेट्रॉइटचा कार्यक्रम त्या वर्षीच्या दौऱ्यातला शेवटचा होता. त्यानंतर बँड जपानला जाणार होता आणि कुणाला न्यायचं ते ड्यूक त्याच रात्री सांगणार होता. वेंडेलची बायको कधीच गेलेली, फ्लिंटमध्ये भाड्याची एक खोली, तिलाही कुलूप. दुपारी जेवताना तो मला म्हणाला, "मला नेलं पाहिजे. घरी बसून मी काय करू? भिंत बघू?"

"नेईल की. तुझ्याशिवाय त्याचं पान हलतं का?"

"तू बोल ना त्याच्याशी."

"मी दिवे टांगतो, वेंडेल. माझं कोण ऐकतं?"

शेवटच्या कार्यक्रमात एकमेकांची खोडी काढायची, हा सगळ्याच बँडच्या कामगारांचा रिवाज. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही. ड्रम लावणाऱ्या टेरी बोल्शने वेंडेलचं यंत्र उचललं आणि अर्धा सूर खाली करून ठेवलं. हिरवा दिवा लागणार, पण चुकीच्या सुरावर. टेरीचा हिशोब साधा होता. म्हातारा लाकडाला कान लावेल, दचकेल, टेरीला शिव्या घालेल आणि दुसरी गिटार उचलेल. बाजूला उभे राहून सगळे त्याचीच वाट बघत होते.

वेंडेलने लाकडाला कान लावला, तार छेडली, समाधानाने मान हलवली आणि गिटार ड्यूकच्या हातात दिली.

ते त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं. सुरुवातीला एकटी गिटार, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मग बाकीचे वाजवायला लागले आणि स्टेजवर भांडी पडल्यासारखं झालं. माणसांनी भरलेलं सभागृह आधी गप्प झालं, मग हसलं. वेंडेल स्पीकरशेजारी पायाने ठेका धरून उभा होता.

कार्यक्रम संपल्यावर टेरीने कबूल केलं, "खोडी माझी होती." ड्यूक त्याला काहीच बोलला नाही. रिवाज होता. तो वेंडेलकडे वळला.

"तुला कळलं नाही?"

"कळलं की. म्हटलं, शेवटचा दिवस आहे, होऊ दे मजा."

हे ऐकून आम्हाला बरं वाटलं. तिथेच सोडून दिलं असतं तर निभावलं असतं. पण ड्यूकने एक छोटा स्पीकर ओढला, गिटार जोडली आणि वेंडेलला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "मी दोन सूर वाजवतो. खांद्यावर थाप मारली की सांगायचं, एकच की वेगळे."

"ड्यूक, पोरखेळ कसला करतोस?"

"उभा राहा, म्हाताऱ्या."

ड्यूकने दोन सूर वाजवले. त्यांतला फरक कुत्र्यालाही कळला असता. थाप.

"एकच," वेंडेल म्हणाला.

पुन्हा थाप.

"आता वेगळे."

ड्यूकने तारेला हातच लावला नव्हता. त्याने आमच्याकडे बघून भुवया उडवल्या. दोघेतिघे हसले. वेंडेल भिंतीकडे तोंड करून पुढच्या थापेची वाट बघत राहिला. शेवटी मीच त्याला वळवलं. सगळ्यांचे चेहरे बघून त्याला कळलं. तो कामाला लागला. गिटारी पुसल्या, तारा सैल केल्या, पेट्या बंद केल्या. एकही कडी त्याने अर्धवट लावली नाही. जपानला टेरीचा मेहुणा गेला.

पुढच्या उन्हाळ्यात सॅगिनॉच्या जत्रेच्या मैदानावर बँड आला. मी तिकिटं काढली आणि वेंडेलला घेऊन गेलो. तो स्पीकरजवळ उभा राहिला, आवाजाची धडधड छातीत जाणवते म्हणून. त्या गाजलेल्या गाण्याआधी ड्यूक थांबला आणि गोष्ट सांगायला लागला. दौऱ्यात रोज सांगत असावा, इतकी घोटलेली होती. गिटार लावणारा बहिरा, भिंतीकडे तोंड, थाप, "आता वेगळे". वेंडेलचा आवाजही त्याने हुबेहूब काढला. मैदान पोट धरून हसलं. आजूबाजूचे हसताहेत हे बघून वेंडेलही हसला.

माइकआड ड्यूकचे ओठ अर्धेच दिसत होते. तरी एक शब्द त्याने पकडला होता.

"माझं नाव घेतलं ना त्यानं?"

"घेतलं."

"काय म्हणाला?"

मी त्याच्यासमोर तोंड नेऊन सावकाश म्हणालो, "तू होतास तेव्हा बरं होतं, म्हणाला."

त्याने शर्ट आत खोचला, केसांवरून हात फिरवला आणि स्टेजच्या मागच्या फाटकाकडे निघाला. मी त्याची बाही धरली. "गर्दी आहे. राहू दे."

"एवढं म्हणाला, तर भेटायला नको?" त्याने बाही सोडवून घेतली.

फाटकावरच्या रखवालदाराने आत निरोप धाडला. ड्यूक आला नाही, टेरी आला. वेंडेल त्याचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवत राहिला आणि ड्यूकने आठवण काढली म्हणून जोरजोरात आभार मानत राहिला. टेरी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होता.