सुरवाडे सर आणि पुढचं चाक

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते जमतात. वर्कशॉपच्या कोपऱ्यात जुन्या नट-बोल्टांचा एक डबा असतो ना, तसं. कोणी भरायला बसत नाही, पण वर्षाअखेरीस बघावं तर काठोकाठ! जळगावच्या एका खासगी आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेड शिकवायचो. तिथला आमचा डबा निम्म्याहून जास्त एकाच माणसाने भरला. मोटर मेकॅनिकचे सुरवाडे सर.

सरांना एकच वेड होतं. धावत्या गाडीचं पुढचं टायर फुटलं तर काय होतं? ऐंशीच्या दशकाची अखेर, हायवे दोन पदरी, आणि निम्म्या गाड्या रिमोल्ड, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेल्या टायरवर. टायर फुटल्याची बातमी आठवड्याला यायचीच. बाकीचे हळहळायचे आणि चहा प्यायचे. सर मात्र चहा गार करून विचारायचे, "गाडी कुठल्या अंगाला ओढली?"

* * *

एकदा त्यांच्या वर्गावरून जात होतो, तर सगळी पोरं दारापाशी रांगेत उभी. सरांनी मलाही आत ओढलं. "ढकला," म्हणाले. मी कडीपाशी बोट लावलं, दार उघडलं.

"आता इथे ढकला." बोट बिजागरीजवळ ठेवायला लावलं. दार हलेना. मी खांदा लावला, तरी हलेना. पोरं खुसुखुसू हसायला लागली.

"पुढचं चाक किंगपिनभोवती वळतं," सर म्हणाले. "ती त्याची बिजागरी. टायर फुटलं की रस्ता त्या चाकाला मागे खेचतो. चाक बिजागरीला लागून असेल तर रस्त्याचा जोर चालत नाही. बाहेर सरकलेलं असेल, तर स्टेअरिंग हातातून हिसकावून घेतो."

"म्हणजे सगळी मदार सस्पेन्शनवर?" मी विचारलं.

"सगळी नाही. उरलेली तुमच्या उजव्या पायावर. तो ब्रेकवर जाऊ द्यायचा नाही."

त्यानंतर आठवडाभर मी घरातली दारं बिजागरीपाशी ढकलून बघत होतो. बायकोने शेवटी विचारलं, सुताराला बोलवू का?

* * *

वेल्डिंगचे पाटील चोपड्याचे, घरची केळीची बागायत. त्यांच्या धाकट्या भावाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. नवरदेवाची गाडी झेंडूच्या माळा लावून तयार, आणि सुरवाडे सर दिसेनात. बघतो तर पांढऱ्या सफारीत गाडीखाली आडवे!

बायकांना वाटलं, उन्हाने चक्कर आली. कोणी पाणी आणलं, कोणी धावत जाऊन कांदा फोडून आणला. गाडीखालून आवाज आला, "कांदा नको, पाना आणा."

पुढच्या चाकाच्या जॉइंटचा नट ढिला होता. तो आवळून होईपर्यंत मुहूर्त टळायला आला. पाटलांचे वडील तापट, ते ओरडायलाच लागले. सर सफारी झटकत शांतपणे म्हणाले, "आबा, मुहूर्त दुसरा निघतो."

पंगतीला आबांनी सरांना आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतः उठून वाढलं.

* * *

मग सरांनी ठरवलं, पोरांना टायर फुटताना प्रत्यक्ष दाखवायचं. संस्थेची जुनी जीप होती, मागे मोठं मैदान होतं. पाटलांनी गावाकडून एक टायर आणलं. इतकं झिजलेलं, की आतलं कापड दिसत होतं. "हे तर नजरेनेही फुटेल," पाटील म्हणाले.

सकाळपासून सर त्या टायरवर जीप पळवत होते. दगडांवरून नेली, हवा जास्त भरली, त्याच चाकावर वजन टाकलं. टायर ढिम्म! पोरं कंटाळून झाडाखाली जाऊन बसली. शेवटी सरांनी जीप सावलीत लावली, आम्ही सगळ्यांनी चहाचे ग्लास हातात घेतले, आणि उभ्या जीपचं टायर धडाडकन फुटलं. अर्ध्या लोकांचा चहा अंगावर.

सरांनी शर्ट पुसला आणि पोरांकडे वळले. "लिहून घ्या. माणूस तयार नसतो तेव्हा फुटतं."

* * *

नशिराबादचा एक जुना विद्यार्थी ट्रकवर होता. एके दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि सरांच्या पाया पडला. सर असल्या गोष्टींना अवघडायचे, त्यांनी त्याला खांद्याला धरून उठवलं.

"सर, काल पुढचं टायर फुटलं. पाय ब्रेकवर निघाला होता, तेवढ्यात तुमचा आवाज कानात आला. स्टेअरिंग घट्ट धरलं, गाडी आपोआप मंद होऊ दिली. सर, मी वाचलो."

"ते दिसतंय," सर म्हणाले. "कुठल्या अंगाला ओढली ते सांग."

तो गेल्यावर मात्र त्यांनी पेढा हातात धरला आणि बराच वेळ खाल्ला नाही. मला तेव्हा या माणसाचा फार अभिमान वाटला.

* * *

आता नाना. सुरवाडे सरांचे थोरले भाऊ. जळगाव-धुळे टॅक्सी चालवायचे. वडील लवकर गेले, नानांनी शाळा सोडून स्टेअरिंग धरलं आणि धाकट्याला शिकवलं.

त्या वेळी टॅक्सीवाल्यांत एक फॅशन निघाली होती. चाक आणि ब्रेकचा ड्रम यांच्या मध्ये जाड लोखंडी चकत्या घालायच्या, म्हणजे चाकं मडगार्डच्या बाहेर येतात आणि गाडी रुंद दिसते. सीट वाढवून भरल्या तरी टायर वर घासत नाही, हा वरचा फायदा. नानांच्या टॅक्सीची चाकं चार बोटं बाहेर होती. स्टँडवर ते बोनेटवर हात ठेवून अहिराणीत म्हणायचे, "दखा, कशी पहिलवानसारखी उभी शे."

म्हणजे सर वर्गात जे करू नका म्हणून घसा कोरडा करायचे, नेमकं तेच सख्ख्या भावाने केलेलं. बिजागरीपासून चाक लांब. पुढचं टायर फुटलं, तर भरलेली टॅक्सी सरळ समोरच्या ट्रकखाली.

"सर, नानांना सांगा की," पाटील म्हणाले.

"नानांना मी काय सांगू?" सर म्हणाले. "मला सायकल त्यांनी शिकवली."

जगाला टोकणारा हा माणूस नानांसमोर मान खाली घालून उभा राहायचा. मग आम्हीच प्रयत्न केले. पाटलांना उत्तर मिळालं, "तुमनं वेल्डिंग तुमी सांभाळा." मी गेलो, तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, इतला वरीस गाडी चालाडी, एकदाव भी फुटनं नही." सरांच्या वर्गातली पोरं स्टँडवर गेली, त्यांना नानांनी भजी खाऊ घालून परत पाठवलं.

* * *

नानांच्या मुलीचा साखरपुडा सोनगीरजवळ त्यांच्या गावी होता. नाना टॅक्सी घेऊन सरांच्या दारात हजर. सर, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, त्यांची लहान मुलगी, पाटील आणि मी. दुसऱ्या गाडीने येतो म्हणणं म्हणजे नानांचा अपमान. एरवी कुठल्याही गाडीत बसण्याआधी वाकून बघणारे सर त्या दिवशी चाकांकडे न बघता आत बसले. मग आम्हीही बघितलं नाही. वहिनींना आणि मुलीला त्यांनी मागे आमच्यामध्ये बसवलं, आणि स्वतः पुढे.

धुळं मागे पडलं. मुलगी गाणं म्हणत होती. सरांचा हात मात्र जळगावपासून डॅशबोर्डवर घट्ट होता.

सोनगीरचा किल्ला दिसायला लागला आणि धडाम! ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं. समोरून ट्रक येत होता. वहिनींनी मुलीला पोटाशी ओढलं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा ट्रक शेजारून निघून गेला होता. नानांनी ब्रेकला पाय लावला नव्हता. गाडी थोडी उजवीकडे झुकली, नानांनी ती धरून ठेवली, आणि ती खडखडत कडेला जाऊन थांबली.

सर उतरले, फुटलेल्या चाकापाशी उकिडवे बसले. चाक आणि ड्रमच्या मध्ये बोटं घालायला गेले, तर बोटं जाईनात. मध्ये जागाच नव्हती.

"नाना," सर म्हणाले, "चकत्या?"

"काढ्या. मागला महिनामा."

"तुमले कोनी सांगं?"

नाना डिकीतून जॅक काढत होते. वर न बघता म्हणाले, "पाटीलनी सांगं, मास्तरनी सांगं, बठ्ठासनी सांगं. तू एकलाच बोलना नही. मंग माले भ्याव वाटनं."